सातवी जोडी

शोधपत्रिकेच्या परीक्षकाचं तिसरं पत्र वाचून झाल्यावर टिल्लूने टेबलावर डोकं आपटलं नाही, ते केवळ टेबलावर मायक्रोस्कोप होता म्हणून. त्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला धक्का लावणं म्हणजे जवळजवळ खूनच. तेव्हा तिने नुसतंच डोकं दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले, आणि पत्र आपोआप बदलतं का ते पाहण्यासाठी पुन्हा उघडले. पत्र होतं तसंच होतं.

टिल्लू हे तिचं घरचं नाव. जन्मली तेव्हा ती म्हणे तळहातावर मावेल एवढी होती. पुढे ती वाढत वाढत घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, दारातून जाताना मान वाकवू लागली, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. आणि एवढी उंच मुलगी गेली तीन वर्षं दिवसभर कशाच्या मागे होती, तर एका माइटच्या. माइट म्हणजे ढेकूण नव्हे आणि ऊही नव्हे. गोचिडीच्या लांबच्या नात्यातला, आठ पायांचा, पांढरट, खसखशीच्या दाण्याहून बारीक जीव. हे ती आईला किमान शंभर वेळा सांगून थकली होती. आई शेजारणींना सांगताना दर वेळी बेधडक "ढेकणांवर काम करते" असंच सांगायची, आणि शेजारणी टिल्लूपासून हातभर लांब उभ्या राहायच्या.

हा माइट तिला सापडला तोही काही वाजतगाजत नाही. एका कचेरीच्या काचेवर धडकून एक खंड्या पक्षी मेला. तिथल्या पहारेकऱ्याने तो कागदी पिशवीत घालून आणून दिला. टिल्लूने त्याचं एकेक पीस उजेडासमोर धरून पाहिलं. अठराव्या पिसाच्या पोकळ देठात तिला बारीक धाग्यासारखं काहीतरी दिसलं. ब्लेडने देठ उभा चिरला, तर आत अख्खं बिऱ्हाड. आठ माद्या आणि एक नर, सगळे देठाच्या भिंतीत आतून सोंड खुपसून पक्ष्याचा रस पीत आयुष्य काढलेले. बाहेर पक्षी आकाशात सूर मारतोय, पाण्यात बुडी घेतोय, आणि हे महाशय आत फुकटात राहतायत.

मग सुरू झालं ते काम. माइट आम्लात ठेवून पारदर्शक करायचा. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने त्याला काचपट्टीवरच्या थेंबात नीट पालथा झोपवायचा. वरून पातळ काच. कडेने नेलपॉलिशचा पट्टा, म्हणजे हवा आत जात नाही. टिल्लूने जन्मात कधी नखांना रंग लावला नव्हता. तिच्या पिशवीत पहिल्यांदा लाल नेलपॉलिशची बाटली दिसली तेव्हा आईच्या डोळ्यांत जी आशा चमकली, ती विझवताना टिल्लूला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि मग केस मोजायचे. होय, केस. माइटच्या अंगावर कुठे किती केस आहेत, यावरच त्याची जात ठरते. कोपऱ्यातला एक केस जास्त असला की जात वेगळी. टिल्लूच्या माइटच्या पाठीवर केसांच्या सात जोड्या होत्या. बाकी सगळ्या बाबतीत त्याच्याशी हुबेहूब जुळणारी जगात एकच जात माहीत होती, खंड्याच्याच थोरल्या चुलतभावाच्या पिसांतून एक्केचाळीस वर्षांपूर्वी सापडलेली. तिच्या चित्रात पाठीवर सहा जोड्या होत्या. सातवी जोडी, खांद्याजवळची, एवढीशी, ती फक्त टिल्लूच्या माइटला. म्हणजे टिल्लूची जात नवी. तिची पहिली. आणि नाव ठेवण्याचा हक्क तिचा.

नाव तर तिने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. सरांचं. ज्यांनी तिला पीस उजेडात धरायला शिकवलं त्या सरांचं. सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना दाखवायच्या मसुद्यात नावाच्या जागी तिने मुद्दाम एक रेघ सोडली होती. आता गंमत बघा, ती जुनी सहा जोड्यांची जातही सरांनीच शोधलेली होती, तरुण असताना.

तर परीक्षकाचं म्हणणं एवढंच होतं: चित्रं सुंदर, मोजमापं चोख, पण जुन्या जातीची मूळ स्लाइड लेखिकेने स्वतः पाहिली आहे का? नुसत्या जुन्या चित्राशी तुलना करून चालणार नाही. स्लाइड पाहा, तसं लिहा, नाहीतर महिनाअखेर प्रकरण बंद.

म्हटलं तर साधी मागणी. प्रत्येक जातीची एक मूळ स्लाइड असते, ज्यावरून ती जात पहिल्यांदा लिहिली गेली ती, आणि ती संग्रहालयात असायची असते. टिल्लू दुसऱ्याच दिवशी संग्रहालयात गेली. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी आधी तिला चुकीचा अर्ज दिला, मग बरोबर अर्ज चुकीच्या शाईने भरला म्हणून परत केला, मग जेवायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी एक लांबलचक रजिस्टर काढून बोटाने ओळी खाली नेल्या आणि एके ठिकाणी बोट थांबवलं. जातीचं नाव होतं. सरांचं नाव होतं. नमुना कुठे ठेवला त्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, "येणार आहे".

"केव्हा लिहिलंय हे?" टिल्लूने विचारलं.

बाईंनी तारीख वाचून दाखवली. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. मग त्या अगदी समजूतदारपणे म्हणाल्या, "अजून आलेली दिसत नाही."

सर गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर राहत. वय एक कमी ऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. निवृत्तीनंतरही ते शिकवायला येत, आणि वर्गात कोणी केस मोजून आकडा सांगितला की ते एकच शब्द बोलत, "किती?" पुन्हा सांगितला की पुन्हा, "किती?" तिसऱ्यांदा पोराचा आवाज कापायला लागे. आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य यायचं: केस मोजू नका, खळग्या मोजा. केस तुटतो, खळगी राहते. माइट दाबला गेला, घासला गेला तर बारीक केस मुळापासून उडतो, पण तो जिथे रुजला होता तिथे एक इवलंसं गोल कडं उरतं. ते शोधा. सरांच्या हाताखालून गेलेल्या चार पिढ्या हे वाक्य झोपेत बडबडत. एका विद्यार्थ्याने तर टक्कल पडल्यावर सरांच्या समोर डोकं पुढे करून "खळग्या शाबूत आहेत" असं सांगितलं होतं, आणि सर हसले नव्हते.

टिल्लू पहिल्यांदा गेली तेव्हा सरांनी स्लाइडचं नावही काढू दिलं नाही. तिच्या हातातलं चित्र ओढून घेतलं आणि तिसऱ्या पायाच्या नखीवर पाऊण तास प्रवचन दिलं. नखी चुकलेलीच होती, हा वरून मनस्ताप. दुसऱ्यांदा गेली तेव्हा स्लाइड कपाटात होती, पण कपाटाचं दार अडकलं होतं. टिल्लूने बाह्या सरसावल्या तर सर म्हणाले, कपाट जुनं आहे, जोर लावलास तर अंगावर येईल. तिसऱ्यांदा सर म्हणे डोळे तपासायला गेले होते. काकूंनी दार उघडलं, आणि टिल्लूला आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

काकूंनी तिला चहा दिला आणि शेजारी बसल्या. त्या सरांहून बऱ्याच लहान आणि बऱ्याच मोकळ्या होत्या. कसली स्लाइड, विचारलं त्यांनी. टिल्लूने जातीचं नाव घेतलं तशा काकू कपाळाला हात लावून हसल्या. ते नाव त्यांचंच होतं. लग्नाच्या वर्षी सरांनी नवी जात शोधली आणि तिला नव्या बायकोचं नाव दिलं.

"लोक बायकोला फुलं आणतात," काकू म्हणाल्या. "यांनी पिसातला किडा आणला. वर म्हणाले, फुलं सुकतात, हे नाव कायम राहील. माझ्या बहिणी अजून चिडवतात गं मला."

आतल्या खोलीत वर्तमानपत्राचा आवाज थांबला होता.

महिना संपायला चार दिवस उरले. टिल्लूच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. घरी आईने नुसतं "झालं का गं तुझं ते?" विचारलं तर ती एवढ्या जोरात "नाही" म्हणाली की आईच्या हातातला डबा खाली पडला. मग डबा शोधायला दोघी टेबलाखाली वाकल्या, टिल्लूचं डोकं टेबलाला लागलं, आणि तिथे खालीच बसून ती रडली. आईने तिचं डोकं चोळत विचारलं की त्या म्हाताऱ्या माणसाला सरळ तोंडावर का विचारत नाहीस. टिल्लू म्हणाली, सरांना तोंडावर कोणी विचारत नाही. आई म्हणाली, म्हणूनच त्यांचं फावलंय.

मोठमोठ्या परीक्षकांना जे सुचलं नाही ते ढेकूणवाल्या आईला सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिल्लू सरांच्या दारात उभी राहिली. या वेळी तिने चित्र आणलं नव्हतं, म्हणजे नखीवर बोलायला काही नव्हतं. सर खिडकीपाशी बसले होते. ती समोर बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. तीन वर्षं झाली, आठ माद्या आणि एक नर, सात जोड्या, परीक्षक, रजिस्टर, चार दिवसांचे आता तीन राहिलेत. कपाट अडकलेलं नाही हे तिला माहीत आहे, कारण मागच्या वेळी ते उघडं होतं आणि त्यात टॉवेल दिसत होते. स्लाइड हरवली असेल तर हरवली म्हणावं, फुटली असेल तर फुटली म्हणावं, तसंही लिहिता येतं, पण काहीतरी एक सांगावं.

बोलून झालं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

सर उठले. कपाटातून नाही, टेबलाच्या वरच्याच खणातून त्यांनी चष्म्याची एक जुनी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेली काचपट्टी. एक्केचाळीस वर्षं ती त्यांच्या हाताच्या अंतरावर होती.

"इथेच बघ," ते म्हणाले, आणि खिडकीतल्या जुन्या मायक्रोस्कोपवरचं कापड काढलं. मग ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिच्याकडे पाठ करून कुंड्यांना पाणी घालू लागले. कुंड्या दोनच होत्या. पाणी मात्र बराच वेळ चाललं.

टिल्लूने आरसा फिरवून उजेड घेतला. स्लाइड जुनी होती, कडेने स्फटिक धरलेले, पण मधला भाग स्वच्छ. मादी जरा चेपलेली होती, उजवीकडे कललेली. लहान भिंगाखाली सहा जोड्या. चित्रात होत्या तशाच, तिथल्या तिथे. टिल्लूचा जीव भांड्यात पडला. सहा. झालं. आता मोठ्या भिंगाखाली एकदा खांदा बघून घ्यायचा, "सातवी जोडी नाही" असं वहीत टिपायचं, आणि संध्याकाळपर्यंत मसुदा रवाना.

तिने मोठं भिंग फिरवलं, तेलाचा थेंब टाकला, हळूहळू स्क्रू फिरवत खांद्यापाशी आली.

तिथे केस नव्हता. तिथे एक इवलंसं गोल कडं होतं.

तिने डोळा काढला, पुसला, परत लावला. कडं होतं. दुसऱ्या खांद्यावर सरकली. तिथेही कडं, अगदी त्याच जागी, अर्धवट स्फटिकाखाली. केस तुटलेले. खळग्या राहिलेल्या. सहा नव्हत्याच मुळी. चित्र काढणाऱ्याने केस मोजले होते, खळग्या नाही.

म्हणजे तिचा माइट नवा नव्हता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्याचं नाव ठेवून झालं होतं, आणि आधी ठेवलेलं नाव असतं तेच राहतं, हा या धंद्यातला सगळ्यात कडक नियम. तीन वर्षं, आठ माद्या, एक नर, लाल नेलपॉलिशच्या दोन बाटल्या, आणि ती मसुद्यातली रेघ, सगळं त्या दोन कड्यांत शिरलं आणि बाहेर येईना.

तिने चार वेळा मोजलं. पाचव्यांदा मोजायला भिंगावर वाकली तेव्हा मागून आवाज आला.

"किती?"

सर कुंडीपाशीच होते. वळले नव्हते.

टिल्लूच्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही, पण आलं खरं. ही स्लाइड चाळीस वर्षांत कोणी मागितली नाही. पुढे चाळीस वर्षं कोणी मागणार नाही. स्फटिक वाढतायत, दहा वर्षांत खांदाच दिसेनासा होईल. सहा म्हणायचं. चित्र बरोबर, सर बरोबर, परीक्षक खूश, जात नवी, आणि त्या रेघेवर सरांचं नाव. एका आकड्यात सगळ्यांचं भलं. नुकसान कोणाचं? एका मेलेल्या माइटचं.

तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडून "सहा" म्हटलं जात नाहीये. जीभच वळेना. सहा वर्षं ज्या माणसाने "किती, किती" करून जीव खाल्ला होता, त्यानेच तिला खोटं बोलायची सोय ठेवली नव्हती. याचाही तिला राग आला.

"सात," ती म्हणाली.

"किती?"

"सात. खांद्यावर दोन खळग्या आहेत. केस तुटलेत."

सरांनी झारी खाली ठेवली. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा वर्गातला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं. मला कळायला अकरा वर्षं लागली होती. तुला अर्धा तास."

पुढचं टिल्लूला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण सर सलग बोलत नव्हते. संग्रहालयात द्यायची म्हणून त्यांनी स्लाइड शेवटची पाहायला घेतली होती, द्यायला आधीच दहा-अकरा वर्षं उशीर झालेला. तेव्हा कडी दिसली. चूक छापून द्यायला हवी होती. पत्र लिहिलं आणि फाडलं. त्या वर्षी त्यांना विभागप्रमुख केलं होतं. पुढच्या वर्षी देऊ म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी वर्गात पोरांना पहिल्यांदा सांगितलं, केस मोजू नका, खळग्या मोजा. पोरांनी वह्यांत उतरवून घेतलं, आणि त्यांना वाटलं की फेडलं.

म्हणजे ते वाक्य इथून आलं होतं. चार पिढ्यांनी झोपेत बडबडलेलं वाक्य या चष्म्याच्या डबीतून आलं होतं. टिल्लूला एकदम गहिवरून आलं, आणि लगेच पाठोपाठ एवढा संताप आला की गहिवर जागेवर राहिलाच नाही.

"मग मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, सर? मी तीन वर्षं त्याच्या चित्रात ठिपका ठिपका भरत बसले होते."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुझा खरंच वेगळा निघाला असता, तर सांगायची वेळच आली नसती. मी त्याची वाट बघत होतो."

एवढ्या हुशार माणसाने इतकं बावळट उत्तर द्यावं! काही उत्तरं अशी असतात की त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

तेवढ्यात काकू पदर खोचून दारात आल्या. बराच वेळ त्या भिंतीआड होत्या हे उघड होतं. त्यांना एकच कळून घ्यायचं होतं. तुझी जात नवी नाही निघाली, मग जुनं नाव राहणार का? टिल्लूने सांगितलं, नियमच तसा आहे, काकूंचंच नाव राहणार, उलट आता खंड्याच्या पिसांतले माइटही काकूंच्याच नावाने ओळखले जाणार.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "म्हणजे एका पक्ष्याचे दोन झाले. मला वाटलं होतं सुटले आता."

सर हसले. टिल्लूने त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि दात पाहून तिला वाटलं, हे आधी हसले असते तर पोरं कमी घाबरली असती.

दुपारी दोघं टेबलाशी बसले. मसुदा फेकायचा नव्हता, उलटा करायचा होता. जुन्या जातीचं नव्याने वर्णन: पाठीवर सात जोड्या, पूर्वीच्या चित्रात चूक. शिवाय या जातीचा नर आजवर जगात कोणी पाहिलेला नव्हता. टिल्लूच्या नऊ माइटांपैकी एक नर होता, म्हणजे तो तिचा, पहिल्यांदा तिने लिहिलेला. हे काही नव्या जातीइतकं नव्हतं. कोणी म्हणालं असतं की तेवढंच आहे, तर टिल्लूने त्याला पापणीच्या केसाने टोचलं असतं. पण काहीच नाही, असंही नव्हतं. "पूर्वीच्या चित्रात चूक" हे वाक्य सरांनी तिला लिहू दिलं नाही. स्वतः लिहिलं, कापऱ्या अक्षरात, आणि वर स्वतःचं पूर्ण नाव घातलं, की चूक कोणाची ते कळावं. मग तिसऱ्या पायाची नखी पुन्हा काढायला लावली.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी मसुदा गेला. त्याच दिवशी टिल्लू चष्म्याची डबी घेऊन संग्रहालयाच्या खिडकीपाशी आली. बाईंनी रजिस्टर उघडलं, "येणार आहे" वर रेघ मारली, तारीख घातली आणि सरांनी घरून भरून पाठवलेला अर्ज तपासायला घेतला. वरपासून खालपर्यंत बोट नेलं आणि एका रकान्यावर थांबवलं. उशिराचं कारण. तिथे सरांनी दोनच शब्द लिहिले होते: लाज वाटली.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या की असं कारण चालत नाही, "अपरिहार्य कारणामुळे" असं लिहा, सगळे तसंच लिहितात.

"राहू द्या ना, बाई," टिल्लू म्हणाली. "एक्केचाळीस वर्षांनी मोजून लिहिलंय. आता कुठे आकडा बरोबर आलाय."

बाईंना यातलं अक्षरही कळलं नसावं. तरी त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि लाज वाटलीच्या बरोबर खाली ठोकला. टिल्लू जायला वळली.

"थांबा," मागून बाई म्हणाल्या. "हा अर्ज तीन प्रतींत लागतो."